वाचकांचे प्रश्न : माझ्यापुरता धर्म चालेल का?

प्रश्न : बाई, मी लातूरला बँकेत नोकरी करते. वय 36. माहेर अहमदपूर तालुक्यातलं. गेली काही वर्षं मी देवळात जात नाही, उपास धरत नाही, सत्यनारायण घालत नाही. पण संध्याकाळी घरी आले की खिडकीत एक पणती लावते, थोडा वेळ गप्प बसते आणि आजीच्या तोंडची एखादी ओवी म्हणते. तेवढं झालं नाही तर दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. सासूबाई म्हणतात, "दिवा लावायलीस तर देवळात यायला काय होतंय? मनाचा धर्म म्हणं! आसं कुठं आसतंय व्हय?"

मागच्या पौषात माझे वडील गेले. ते शिक्षक होते. 'तेरावं करू नका' असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आम्ही भावंडांनी ते पाळलं आणि त्या खर्चाचे पैसे गावच्या शाळेला पुस्तकांसाठी दिले. भावकी रुसली. त्याचं मला फार काही वाटत नाही. पण आई तेव्हापासून गप्प गप्प असते, आणि ते मात्र टोचतं. मी जे करते तो धर्म आहे, की नुसती मनाची समजूत?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. आसतंय. असा धर्म असतो, आणि आपल्या भागात तो फार जुना आहे.

तुझ्या आजीची ओवी आली कुठून, ते बघ. ती कुणा बुवांनी शिकवली नाही की पोथीतून घेतली नाही. पहाटे अंधारात जात्यावर बसलेल्या बायांनी ती रचली, समोर बसून खुंट्याला हात लावणाऱ्या जावेनं नाहीतर नणंदेनं ती उचलली, आणि तशीच ती तुझ्यापर्यंत आली. त्या ओव्यांत विठ्ठल असतो, सीतेचा वनवास असतो, माहेरची वाट असते, भावाची वाट पाहणं असतं. मधे गाभारा नाही, दक्षिणा नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचायला रानात जातो. देवासाठी वेगळी वेळ काढण्याइतकी सवड त्या बाईला नव्हती, तेव्हा तिनं त्याला आपल्या कामावरच बोलावलं. आज कुणी 'माझा देव माझ्यापाशी' म्हटलं की लोक त्याला शहरातलं नवं खूळ समजतात. मला जनाबाई आठवते.

आणि येळवस. लातूर-धाराशिवच्या माणसाला ती सांगावी लागत नाही, पण हे पान जालना-परभणीकडेही वाचलं जातं, म्हणून थोडं लिहिते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरातली सगळी माणसं शेतात जातात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत दगडांचे पांडव मांडायचे, पूजा घरच्याच माणसानं करायची. आदल्या रात्रीपासून बायकांची चूल विझत नाही. भज्जी, उंडे, खीर, आणि मडकंभर आंबील. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन बाई पुढं चालते, मागं पोरंसोरं. पिकाभोवती ती आंबील शिंपायची आणि मग बांधाच्या कडेला पंगत. या सगळ्यात पुरोहिताला काम नाही. मंत्र नाही, मुहूर्त विचारणं नाही. पण आवतण मात्र सगळ्यांना असतं. ज्याला एक गुंठाही जमीन नाही, त्याला कुणीतरी आपल्या शेतात जेवायला नेतंच. मुसलमान शेजारी येतात, शाळेतले गुरुजी येतात, नवा बदलून आलेला कारकून येतो. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो, हे तू दरवर्षी बघतेस.

तेव्हा देऊळ आणि पुरोहित वजा केले की धर्म उरत नाही, हे मला पटत नाही. वजा करायला सबळ कारणंही आहेत. याच देवळांच्या पायऱ्यांवरून जात विचारून माणसं परत पाठवली गेली, पिढ्यान्‌पिढ्या. तेराव्याच्या पंगतीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली घरं मी केज-धारूरकडं पाहिली आहेत. तुझ्या वडलांनीही पाहिली असणार. शिक्षक माणूस, त्यांनी ते उगाच लिहून ठेवलेलं नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुझ्या आजीच्या धर्मात देऊळ नसलं तरी दुसरं माणूस होतं. जातं बहुधा दोघींनी ओढायचं. येळवशीला एकट्यानं जेवलं तर ती येळवसच होत नाही. तू मात्र पणती एकटी लावतेस, एकटी बसतेस, ओवी पुटपुटतेस, आणि त्या खिडकीशी दुसऱ्या कुणाला जागा नाही. देऊळ सोडलंस ते ठीक. पण देवळाबरोबर माणसंही सुटत चालली आहेत का, हे तुझं तू तपासून पाहा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा फार स्पष्ट मांडला आहे. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात, की धर्म ही वैयक्तिक बाब आहे, ती ज्यानं त्यानं आपल्यापाशी ठेवावी, असं म्हटलं जातं. धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली, की आवडो न आवडो, त्यांना धम्माशिवाय गत्यंतर नाही. पुरोहितशाही ज्यांनी मुळापासून नाकारली, त्यांनी हे लिहिलं आहे, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं. संस्थेतून बाहेर पडणं म्हणजे माणसांतून बाहेर पडणं नव्हे, हे त्यांनी लाखो लोकांसह करून दाखवलं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या पिढीतलं कुणी विसरलेलं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली, आणि दगडमातीच्या रुंद भिंती, माळवदाची जड छतं झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा औशाजवळ शिकवत होते. शाळेतले आम्ही काही जण मदतीला गेलो. वरून पाऊस. लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया सरणाला लावल्या. एकेका सरणावर अनेकांना ठेवावं लागलं. मंत्र म्हणायला कुणी नव्हतं, आणि कोण कुणाचं हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. एक म्हातारी पुढं झाली, हात जोडून म्हणाली, "जावा माय, सुखानं जावा." तिचं कोण होतं त्यात, मला ठाऊक नाही. भोवतालच्या माणसांनी तिच्यामागून तेच म्हटलं. नंतर दुसऱ्या सरणापाशीही तेच म्हटलं गेलं. त्याहून पवित्र विधी मी पुढच्या आयुष्यात पाहिला नाही. त्याला कुठल्या संस्थेचा शिक्का नव्हता; पण तो एकटीचाही नव्हता. ती म्हणाली आणि बाकीच्यांनी तिला साथ दिली, म्हणून तो विधी झाला.

आता तुझ्या आईकडं येते, कारण माझ्या मते तुझ्या पत्राचं मूळ तिथं आहे.

वडलांचा शब्द तुम्ही पाळलात, पैसे पुस्तकांना दिलेत. चांगलं केलंत. पण तेराव्यात पंगत आणि दक्षिणा एवढंच नसतं गं. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणी कडू भाकरी घेऊन येतात. राख सावडायला चार माणसं सोबत जातात. दहा दिवस कुणी ना कुणी ओसरीवर येऊन टेकतं, गेलेल्याच्या गोष्टी निघतात, कधी हसूही येतं. बाईला मोकळेपणी रडायची मुभा असते, आणि ते रडणं आवरायलाही एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गोड घास तोंडात घालून चार जणी सांगतात, 'ऊठ बाई, आता लाग कामाला.' तुझ्या आईला हे कुणी म्हटलंच नाही. भावकी रुसली, म्हणजे ओसरीवर कुणी फिरकलं नसेल. नवऱ्याच्या अक्षरातला कागद समोर होता, म्हणून तिनं तोंडही उघडलं नसेल. तुमचं दुःख तुम्ही तुमच्या पद्धतीनं निभावलंत. तिला तिची पद्धत मिळाली नाही.

पौष पुन्हा येईल तेव्हा वडलांच्या तिथीला माहेरी जा. पुरोहित बोलावू नका, त्यांचा शब्द मोडू नका. पण त्याआधी आईला विचार, "तुला काय करावंसं वाटतं?" आणि ती सांगेल ते, तुला पटो न पटो, करा. तिला पुरण घालावंसं वाटेल, कावळ्याला घास ठेवावासा वाटेल. तूच ठेव. वडलांचे जुने विद्यार्थी बोलवा. रुसलेल्या भावकीच्या दारात फोन न करता स्वतः जा आणि आवतण दे. अंगणात सतरंज्या टाका, आलेल्या प्रत्येकाला त्यांची एकेक आठवण सांगायला लावा. मुलांना ती शाळेतली पुस्तकं आणायला सांगा. आणि आजीची ओवी तिथं मोठ्यानं म्हण. पुढची कडवी तुझ्या आईला येत असणार.

पणतीबद्दल एवढंच, की ती सोडू नकोस. पण जो धर्म आपल्याला कधीच अडचणीत टाकत नाही, तो हळूहळू आपल्या आवडीनिवडीपुरता उरतो. उपासात निदान एवढं होतं, की भूक लागली तरी तो दिवस पाळावा लागायचा. तू उपास सोडलास, त्याची जागा रिकामी ठेवू नकोस. लातूरच्या सरकारी दवाखान्यात उदगीर-निलंग्याकडून आलेली अशी माणसं असतात, की ज्यांच्या उशाशी कुणी नसतं. महिन्यातून एका रविवारी डबा घेऊन जा, नको वाटेल त्या रविवारीसुद्धा. आणि सासूबाईंना एका संध्याकाळी खिडकीशी बोलाव. त्यांनाही ओव्या येत असतील. एकादशीला तू त्यांना देवळापर्यंत सोबत कर. आत जायचं की नाही ते तुझं तू ठरव. बाहेर त्यांच्या चपलांपाशी थांबलीस तरी चालेल.

*

प्रश्न : आम्ही दोघं वेगवेगळ्या धर्मांत जन्मलो, विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं. मुलगी आता पहिलीत जाईल. शाळेच्या फॉर्मवर 'धर्म' हा रकाना आहे. आम्हाला तो कोरा ठेवायचा आहे. कार्यालयात ऐकत नाहीत. घरी दोन्हीकडचे आजी-आजोबा तिला आपापला देव शिकवतात, त्यानं ती गोंधळेल का?
— दोघे, नांदेड

उत्तर : रकान्याचं आधी. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. त्याच आधारानं मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये सांगितलं, की आपण कोणताच धर्म मानत नाही असं म्हणण्याचा अधिकार नागरिकाला आहे, आणि धर्म जाहीर करायची सक्ती सरकार त्याच्यावर करू शकत नाही. तुम्ही एकटे आहात असंही समजू नका. 2011 च्या जनगणनेत 28 लाखांहून जास्त माणसांनी आपला धर्म सांगितलेला नाही. शाळेकडं तोंडी वाद घालू नका. निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. फक्त दोघांपैकी कुणी अनुसूचित जातीतलं असेल तर थांबा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींना मिळणारी सवलत धर्माशी जोडलेली आहे. आधी फक्त हिंदू, मग 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध. मुलीच्या पुढच्या दाखल्यांचा प्रश्न आहे, तेव्हा जाणत्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आजी-आजोबांना शिकवू द्या. महात्मा फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्य धर्म' या पुस्तकात, जे ते गेल्यावर 1891 साली निघालं, एक घर आहे. त्या घरातली आई ग्रंथ वाचून बौद्ध होते, बाप बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो; आणि ही सगळी एकमेकांचा द्वेष न करता एका कुटुंबात राहतात. मला हे घर फार आवडतं. यात कुणी कुणासाठी आपलं मन झाकून ठेवत नाही. तुमच्या मुलीला दोन आज्यांकडून दोन प्रार्थना मिळत आहेत. गोंधळेल ती तेव्हा, जेव्हा एक आजी दुसरीच्या प्रार्थनेला नावं ठेवील. तेवढं मात्र दोन्ही घरांत ठामपणे सांगा.

*

प्रश्न : माउली, मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी. तरुणपणापासून पंढरीची वारी करतो, आमच्या दिंडीत वीणा माझ्याकडं असते. नातू संभाजीनगरला कंपनीत आहे. कानात यंत्र घालून अभंग ऐकतो, मोबाईलवर बघून ध्यानाला बसतो. माळ घाल म्हटलं की म्हणतो, "आजोबा, मी आध्यात्मिक आहे, धार्मिक नाही." वारीला येत नाही. आमच्यामागं वीणा कोण धरणार?
— एक वारकरी

उत्तर : राम कृष्ण हरी, माउली. तुमच्या नातवाचं वाक्य आज जगभर ऐकू येतं, तेव्हा ते तुमच्या संस्कारांचं उणं समजू नका. थॉमस लुकमान नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1967 सालीच मांडलं होतं, की आधुनिक समाजात धर्म नाहीसा होत नाही. तो चर्चमधून निघून माणसाच्या खाजगी आयुष्यात जाऊन बसतो आणि म्हणून बाहेरून दिसेनासा होतो. अमेरिकेत 1985 साली रॉबर्ट बेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका परिचारिकेची मुलाखत छापली. चर्चला न जाणाऱ्या त्या बाईनं आपल्या श्रद्धेला चक्क स्वतःचंच नाव दिलं होतं. मनातला बारीक आवाज हाच आपला धर्म, असं ती म्हणाली. धर्म इतका एकट्याचा झाला तर समाजाचं काय होणार, ही चिंता तेव्हापासून पुष्कळांनी बोलून दाखवली आहे. पण त्याच बाईनं असंही सांगितलं होतं, की आपण एकमेकांना सांभाळावं अशी देवाची इच्छा असणार. टीका करणारे हे वाक्य सोडून देतात. मला तेच धरून ठेवावंसं वाटतं.

तुमच्या संप्रदायानं तर अशा माणसाला कधीच परकं मानलं नाही. अरणचे सावता माळी आपल्या मळ्यातच रमले, वारीला गेले नाहीत. त्यांना कुणी पंथाबाहेर काढलं नाही. विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात गेला, असं आपण सांगतो, आणि पांडुरंगाची पालखी अजून अरणला जाते. तुमचा नातू निदान अभंग ऐकतो आहे. ते तुमच्याच घरातून त्याच्या कानावर गेले असणार.

तरीही तुम्हाला जे वाटतं ते खरं आहे, आणि मी ते त्याच्या बाजूनं झाकणार नाही. कानातल्या यंत्रातून अभंग ऐकू येतो, पण शेजारी चालणाऱ्याची धाप ऐकू येत नाही. वारीत वयानं मोठा असलेला माणूस लहानाच्या पाया पडतो, पाटील मजुराच्या पाया पडतो. मुक्कामी पोचल्यावर कुणाच्या तरी फोडांना तेल लावावं लागतं, पाण्याच्या टँकरपाशी म्हातारीला पुढं जाऊ द्यावं लागतं, रात्री घोरणाऱ्या अनोळखी माणसाशेजारी झोपावं लागतं. जात सगळ्या दिंड्यांतून गेली आहे, असं मी म्हणत नाही; तुम्हीही म्हणणार नाही. पण ती सैल पडण्याची संधी जिथं रोज पायाखाली येते, असं दुसरं ठिकाण मला आपल्याकडं फारसं दिसत नाही. ध्यानात मन शांत होतं. शेजारच्याचं ओझं मात्र त्यानं हलकं होत नाही.

तेव्हा त्याच्याशी माळेचा विषय काढू नका. माळ घातली की आहारापासून एकादशीपर्यंत सगळं आलं, आणि ते त्याच्या मनातून उगवलं नाही तर टिकायचं नाही. वीणेची चिंताही तूर्त बाजूला ठेवा. ती तुमच्या दिंडीतला कुणीही धरील, तो तुमच्या रक्ताचाच असला पाहिजे असं ज्ञानोबा-तुकोबांनी कुठं सांगितलेलं नाही. पुढच्या आषाढीला त्याला एवढंच म्हणा, की माझे गुडघे दुखतात, चार मुक्काम माझी पडशी उचलायला चल. कानातलं यंत्र आणलं तरी चालेल म्हणावं.